हंसविण्याची शाळा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी व विद्यार्थिनी एक अर्ज घेऊन आमच्याकडे आलीं. वक्तृत्व, नाट्य व काव्यवाचन यांचे वर्ग जसे भरतात तसा ‘स्टँड-अप कॉमेडी’चाहि एक वर्ग आठवड्यांतून एकदां भरावा आणि त्यासाठीं एक खोली, एक ध्वनिक्षेपक व एक शिक्षक मिळावा, असा तो अर्ज होता. खोलीचा व ध्वनिक्षेपकाचा प्रश्न कचेरीनें सोडविला. शिक्षकाचा प्रश्न मात्र प्राध्यापकांच्या सभेपुढें आला आणि तेथें त्यास फांटे फुटले. एका सन्मान्य सहकाऱ्यांचें म्हणणें पडलें कीं, विनोदबुद्धि ही जन्मजात देणगी आहे, ती शिकवितां येत नाहीं. दुसऱ्यांचें म्हणणें पडलें कीं, शिकवितां येत असली तरी ती शिकवूं नये. तिसऱ्यांनीं, आमचा विषय इतिहास असल्यामुळें, या गोष्टीचा पूर्वीं कोणीं विचार केला आहे काय हें आपण पाहून सांगावें, असें म्हणून तो अर्ज आमच्याच हातीं दिला. सभेपुढील काम टाळण्याची ही जुनी युक्ति आहे, हें आम्ही जाणून आहों. तथापि या निमित्तानें जें वाचलें व जें आठवलें तें सभेपुरतेंच न ठेवतां वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. एकच मनुष्य प्रेक्षकांसमोर उभा राहतो. त्याला वेष नाहीं, वाद्य नाहीं, सोबती नाहीं, नाटकाचें कथानक नाहीं. तो आपल्याच नांवानें, आपल्याच आयुष्यांतील म्हणून गोष्टी सांगतो आणि दर अर्ध्या मिनिटास हंसूं मिळविण्याची त्याची प्रतिज्ञा असते. व्याख्यात्यास कांहीं सिद्ध करावयाचें असतें, नटास दुसऱ्याच्या भूमिकेआड लपतां येतें, विनोदी लेखकास वाचक हंसला कीं नाहीं हें ऐकूंच येत नाहीं. या उभ्या विनोदकारास यांपैकीं कोणतेंच सुख नाहीं. त्याची परीक्षा प्रत्येक वाक्यास होते व निकालहि तेथल्या तेथें लागतो. असली कठोर परीक्षा ज्या विद्येंत आहे, तिची तयारी लोकांनीं आजवर केली तरी कशी, हा प्रश्न म्हणूनच केवळ गंमतीचा राहत नाहीं.

या प्रश्नाची सविस्तर चर्चा आम्हांस प्राचीन रोममध्यें सांपडते. सिसरोनें इ. स. पूर्व ५५ मध्यें ‘दे ओरातोरे’ हा वक्तृत्वकलेवरील संवादग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागांत विनोदाचें प्रकरण असून तें सीझर स्ट्राबो नामक एका विनोदपटु वक्त्याच्या तोंडीं घातलेलें आहे. गॉल जिंकणारा जो प्रसिद्ध सीझर, तो हा नव्हे. स्ट्राबो आरंभींच हात झटकतो. तो सांगतो कीं, विनोदावरील कांहीं ग्रीक ग्रंथ आपण मोठ्या आशेनें पाहिले. ग्रीकांच्या चतुर उक्ति त्यांत पुष्कळ मिळाल्या, पण ज्यांनीं विनोदाचें शास्त्र सांगण्याचा यत्न केला ते इतके नीरस निघाले कीं, हंसण्याजोगें कांहीं असलेंच तर तें त्यांचें नीरसपणच होय. विनोद शिकवितां येत नाहीं, असें त्याचें स्पष्ट मत आहे. आणि एवढें बोलून झाल्यावर हा गृहस्थ पानेंच्या पानें विनोदाचे प्रकार समजावून देत बसतो! शब्द बदलले असतां जो विनोद मरतो तो शब्दांचा, आणि शब्द बदलूनहि जो जगतो तो वस्तूचा, ही आजच्या वर्गांतहि उपयोगी पडणारी कसोटी त्यानें तेथें सांगितली आहे. शिकवितां येत नाहीं असें म्हणत शिकवावयाचें, ही या विषयांतील शिक्षकांची परंपरा तेव्हांपासूनची आहे.

सिसरोनंतर सुमारें दीडशें वर्षांनीं क्विंटिलियन या अध्यापकानें हाच प्रश्न हातीं घेतला. वेस्पेशियन बादशहाच्या कारकीर्दींत ज्यास सरकारी खजिन्यांतून वेतन मिळूं लागलें असा हा धंद्यानें शिक्षक होता. म्हणून त्याचें बोलणें आम्हांस अधिक जवळचें वाटतें. इ. स. ९५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथाच्या सहाव्या भागांत तो तक्रार करतो कीं, या विषयाचा अभ्यासहि कोणी करवून घेत नाहीं व त्याचे शिक्षकहि कोठें नाहींत. पण तो तक्रारीवर थांबत नाहीं. तरुणांना विनोदास अनुकूल अशीं कल्पित प्रकरणें रचून द्यावींत, एकेक विषय देऊन त्यांजकडून सराव करवून घ्यावा, सणासुदीच्या दिवशीं जी थट्टामस्करी लोक सहज करतात तिलाच थोडी शिस्त लावली तर तिचाहि उपयोग होईल, अशा त्याच्या सूचना आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं केलेली मागणी, पाहूं गेलें तर, एकोणीसशें वर्षांपूर्वीं एका शिक्षकानेंच मांडून ठेवली होती.

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत हास्यरसाचा विचार सहाव्या अध्यायांत आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे हास्याचे सहा प्रकार तेथें दिले असून त्यांची वांटणी उत्तम, मध्यम व अधम अशा तीन प्रकृतींत दोन-दोन करून केलेली आहे. याहून आमचें लक्ष वेधतो तो दुसरा भेद: आत्मस्थ व परस्थ. मनुष्य स्वतः हंसतो तेव्हां तें हास्य आत्मस्थ, दुसऱ्यास हंसवितो तेव्हां तें परस्थ. हास्याचीं कारणें सांगतांना भरतानें विकृत वेष, धारिष्ट, असंबद्ध बडबड यांबरोबर व्यंगदर्शनहि नोंदलें आहे. मनुष्य कशास हंसतो हें त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें. कशास हंसावें याचा तो परवाना नव्हे. हा रस स्त्रिया व नीच प्रकृतीचीं पात्रें यांच्या ठायीं अधिक आढळतो, असेंहि तेथें म्हटलेलें आहे, आणि पंडितांनीं पुढें या रसाकडे जी पाठ फिरविली तिचें मूळ कदाचित् अशा समजुतींतच असेल. पण संस्कृत नाटककारांनीं यावर एक सुंदर उत्तर शोधलें. त्यांनीं विदूषक ब्राह्मण केला आणि त्याच्या तोंडीं प्राकृत घातली. ज्यानें शास्त्र बोलावयाचें तो मोदकांविषयीं बोलूं लागला आणि प्रेक्षक हंसले ते वरच्या आसनावरील मनुष्यास.

हें ग्रंथांविषयीं झालें. ग्रंथ नसतांना ही विद्या चालत आली ती आमच्या मुलखांत दोन ठिकाणीं: तमाशाच्या फडांत व कीर्तनाच्या गादीपुढें. गण, गौळण, बतावणी, लावणी व वग या क्रमानें रंगणाऱ्या तमाशांत सोंगाड्यास लिहिलेलें भाषण पाठ करावें लागत नसे. वगाची गोष्ट ठरलेली, संवाद मात्र बहुतेक तेथल्या तेथें सुचावयाचे. पोरगा फडाबरोबर गांवोगांव हिंडे, ओझीं वाही, मागें उभा राहून सूर धरी आणि जुना सोंगाड्या कोणत्या गांवीं काय बोलला व लोक कोठें हंसले हें कानांत साठवी. ज्या जातींतून हे कलावंत प्रायः येत त्यांस पाठशाळांचीं दारें शतकानुशतकें बंद होतीं. पण समयसूचकतेची एवढी मोठी पाठशाळा दुसरी नव्हती. दादू इंदुरीकरांनीं ‘गाढवाचं लग्न’ या वगांत जें हंसविलें तें याच पाठशाळेचें फळ होय. आज एखादा विद्यार्थी इंग्रजी पद्धतीची ही कला आपण नव्यानें आणीत आहों असें समजतो, तेव्हां आपल्याच गांवच्या जत्रेंत ती रात्ररात्र चालत होती हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें.

कीर्तनाची गोष्ट याहून वेगळी. येथेंहि मनुष्य उभाच असतो व हजार माणसांस एकट्यानें धरून ठेवतो. पूर्वरंगांत सिद्धांत व उत्तररंगांत आख्यान, ही नारदीय कीर्तनाची मांडणी; आणि सिद्धांत जड झाला कीं कीर्तनकार एक चुटका सांगून सभा हलकी करतो. पण विनोदाचें सामर्थ्य ज्यांनीं पुरतें ओळखलें ते गाडगे महाराज होत. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. दिवसा हातांत खराटा घेऊन गांव झाडावें आणि रात्रीं त्याच गांवापुढें कीर्तनास उभें राहावें, असा त्यांचा क्रम असे. त्यांचें कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. ते विचारीत, लोक उत्तर देत. दुसरा प्रश्न पहिल्याहून सोपा, तिसरा त्याहून सोपा. आणि चौथ्या-पांचव्या प्रश्नास आपण स्वतःच्याच तोंडानें आपलें अज्ञान कबूल करून बसलों आहों, असें ध्यानीं येऊन सभा हंसूं लागे. कर्ज काढून सण करणारा, देवास बोकड मारणारा, अस्पृश्यता पाळणारा असा प्रत्येक जण तेथें स्वतःस हंसून घरीं जाई. शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्या पुरुषानें परस्थ हास्याचें आत्मस्थ हास्य करून दाखविलें. भरताच्या दोन शब्दांवर याहून चांगलें भाष्य आम्हीं वाचलेलें नाहीं.

लिहिलेल्या विनोदालाहि आमच्याकडे गुरुपरंपरा आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मराठींत विनोदी निबंध स्थिर केला. गडकरी त्यांस गुरु मानीत, आणि आचार्य अत्रे गडकऱ्यांस. तिघांचा विनोद एकमेकांसारखा मुळींच नाहीं. आणि खऱ्या शिष्यत्वाची खूणहि हीच कीं, शिष्य गुरूची नक्कल करीत नाहीं. याच काळांत चिमणराव व गुंड्याभाऊ निर्माण करणारे चिं. वि. जोशी बडोद्याच्या महाविद्यालयांत पाली शिकवीत होते. पुढें १९६१ मध्यें पु. ल. देशपांडे यांनीं ‘बटाट्याची चाळ’ हें आपलेंच पुस्तक एकट्यानें रंगभूमीवर उभें केलें. तेहि कांहीं काळ मराठीचे प्राध्यापक होते. आणि १९७९ मध्यें ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घेऊन जे लक्ष्मण देशपांडे उभे राहिले ते औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, विद्यापीठांत नाट्यशास्त्राचेच अध्यापक होते. प्राध्यापक आणि विनोद यांचें वैर आहे, हा जो समज आमच्या सभेंत प्रकट झाला त्यास इतिहासाचा आधार नाहीं.

‘वऱ्हाडा’विषयीं येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. खेड्यांतील बोली शहरी प्रेक्षकांस हंसविते, हें नाटककारांस पूर्वींपासून माहीत होतें. गडी, रामोशी, शेतकरी यांनीं तोंड उघडतांच हंशा पिके. लक्ष्मण देशपांड्यांनीं मराठवाड्याची तीच बोली घेतली, पण त्यांनीं पन्नासाहून अधिक माणसें एकट्यानें उभीं केलीं तीं आंतून. लंडनास निघालेल्या त्या वऱ्हाडांतील माणसांस आपण हंसतों तें तीं खेडवळ आहेत म्हणून नव्हे. तीं आपल्याच मामा-मावश्या आहेत, हें ओळखूं येतें म्हणून आपण हंसतों. बोली तीच, हंसूं मात्र निराळें. हा फरक कोणत्या नियमांत बसवावा हें सांगणें कठीण. पण तो ऐकूं येतो, आणि जें ऐकूं येतें तें दुसऱ्यास ऐकावयास शिकवितां येतें.

आतां पश्चिमेकडे वळूं, कारण अर्जांतील शब्द तिकडून आलेला आहे. केंब्रिज विद्यापीठांत १८८३ मध्यें ‘फूटलाइट्स’ ही विद्यार्थ्यांची नाट्यमंडळी निघाली. तेथें शिक्षक नव्हता व पदवीहि नव्हती. विद्यार्थ्यांनीं आपसांत लहान बैठका भरवाव्या, नवें लिहिलेलें एकमेकांपुढें करून दाखवावें, पडेल तें टाकून द्यावें, एवढाच अभ्यासक्रम. पीटर कुक, जॉन क्लीज, एरिक आयडल हे यांतूनच तयार झाले. अमेरिकेंत मॉर्ट साल या तरुणानें १९५३ च्या डिसेंबरांत सॅन फ्रॅन्सिस्कोंतील एका लहान रंगमंचावर साधा स्वेटर घालून, हातांत वर्तमानपत्र घेऊन राजकारणावर बोलण्यास प्रारंभ केला. आणि पाठ केलेल्या चुटक्यांच्या जागीं स्वतःचें मत आणून एकट्याच्या विनोदाचें रूपच त्यानें पालटलें.

पण शिकविण्याच्या इतिहासांत मानाचें पान आम्ही शिकागोस देऊं. तेथें जेन ॲडम्स यांनीं १८८९ मध्यें स्थापिलेल्या ‘हल हाउस’ या सेवागृहांत देशोदेशींच्या निर्वासित व मजूर कुटुंबांचीं मुलें येत. नीव्हा बॉइड यांच्या हाताखालीं तेथें शिकलेल्या व्हायोला स्पोलिन या बाईंनीं १९३९ च्या सुमारास, सरकारी मनोरंजनयोजनेंत काम करीत असतां, मुलांसाठीं नाट्यखेळ रचले. ज्यांची भाषा एक नाहीं, ज्यांस पाठ केलेलें भाषण म्हणतां येत नाहीं, अशा मुलांचा संकोच जावा व त्यांनीं एकमेकांकडे पाहून वागावें, एवढाच त्या खेळांचा हेतु होता. बाईंचे चिरंजीव पॉल सिल्स यांनीं तेच खेळ शिकागो विद्यापीठाच्या परिसरांतील तरुणांपुढें ठेवले. त्यांतून १९५५ मध्यें ‘कंपास’ मंडळी आणि १९५९ च्या डिसेंबरांत ‘सेकंड सिटी’ हें रंगगृह निघालें. तेथील खेळ समूहाचा असे, हें खरें. परंतु शेली बर्मनसारखे एकट्यानें उभे राहणारे विनोदकारहि याच मंडळींतून बाहेर पडले. १९६३ मध्यें स्पोलिनबाईंनीं आपले खेळ ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. गरीब मुलांची भीड मोडावी म्हणून केलेल्या खटपटींतून एका मोठ्या देशाच्या विनोदाची शाळा निघावी, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस पुष्कळ सांगून जाते. त्यांनीं विनोद शिकविलाच नाहीं; त्यांनीं भीति काढली.

याच्या उलट टोंक लंडनास दिसतें. तेथें १९७९ मध्यें जें ‘कॉमेडी स्टोअर’ निघालें त्यांत न जमणाऱ्या विनोदकारास घंटानाद करून व्यासपीठावरून उतरवीत. निष्ठुर खरें, पण तेंहि एक परीक्षामंडळच! पुढें विद्यापीठांनीं ही विद्या आपल्या छपराखालीं घेतली. इंग्लंडांतील केंट विद्यापीठांत, स्वतः विनोदकार म्हणून उभे राहिलेले ऑलिव्हर डबल यांनीं तिचें रीतसर अध्यापन केलें, आणि २०१३ मध्यें तेथें विनोदकारांचीं टिपणें, ध्वनिफिती व कागदपत्रें जतन करणारा संग्रह स्थापन झाला. अमेरिकेंत बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजानें २०१६ मध्यें विनोदकलेची स्वतंत्र पदवीच सुरू केली. तात्पर्य, शिकवितां येतें काय या प्रश्नाचें व्यवहारानें उत्तर देऊन टाकलें आहे. शिल्लक प्रश्न एवढाच कीं, शिकवावयाचें म्हणजे नेमकें काय.

एक भाग निःसंशय कारागिरीचा आहे आणि तो फळ्यावर लिहून दाखवितां येतो. उदाहरणार्थ हें वाक्य घ्या: ‘छप्पर गळूं लागल्यावर घरमालकांनीं, खोलींत आतां पाण्याचीहि सोय झाली आहे असें सांगून, भाडें वाढविलें.’ हें वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि त्यास कोणी हंसणार नाहीं. हंसविणारा भाग मध्येंच सांडून गेला, आणि शेवटीं उरलें तें भाडें. तेंच असें बोलून पाहावें: ‘छप्पर गळूं लागलें. घरमालकांनीं भाडें वाढविलें. म्हटलें, कां हो? म्हणाले, खोलींत आतां पाण्याची सोय झाली!’ इंग्रजींत विस्मयाचा शब्द वाक्याच्या टोंकास ठेवणें सोपें. मराठींत तें टोंक क्रियापदानें अडविलेलें असतें. म्हणून मराठी विनोदकारास वाक्य तोडावें लागतें, ‘म्हणाले’ पुढें आणावें लागतें, ग्रंथांतील मराठी सोडून ओसरीवरची मराठी धरावी लागते. हंसूं चालूं असतां बोलूं नये, तें ओसरूं लागतांच पुढचें वाक्य टाकावें, हेंहि असेंच. दहा वेळां बोलून, दहाहि वेळां लोक कोठें हंसले तें लिहून ठेवून, उरलेलें निर्दयपणें छाटणें हा या विद्येचा गृहपाठ होय. यांत दैवी असें कांहीं नाहीं. मुलांस निबंध लिहावयास आपण शिकवितों तेव्हां याहून वेगळें काय करतों?

दुसरा भाग मात्र फळ्यावर लिहितां येत नाहीं, आणि आमच्या मतें खरा प्रश्न तेथेंच आहे. तो भाग म्हणजे, कोणास हंसावें. सिसरोच्या स्ट्राबोनें याविषयीं एक मर्यादा घालून दिली आहे. घोर पापास हंसूं नये, कारण त्यास विनोदाहून तीक्ष्ण शस्त्र पाहिजे. आणि घोर दैन्यास हंसूं नये, कारण तें माणुसकीस धरून नाहीं. क्विंटिलियननेंहि बजावलें आहे कीं, सचोटीची किंमत देऊन घेतलेलें हंसूं फार महाग पडतें. दोन हजार वर्षांत या मर्यादेची रेषा पुष्कळ वेळां सत्तेनें आपल्या सोयीप्रमाणें ओढली. अमेरिकेंत लेनी ब्रूस या विनोदकारास अश्लील भाषणाबद्दल १९६४ मध्यें न्यूयॉर्कच्या न्यायालयानें दोषी ठरविलें. १९६६ मध्यें तो वारला आणि २००३ मध्यें, म्हणजे मरणानंतर सदतीस वर्षांनीं, त्यास त्या राज्याच्या गव्हर्नरांनीं क्षमा केली. आपल्या देशांतहि २०२१ च्या १ जानेवारीस इंदूर येथें एका तरुण विनोदकारास कार्यक्रमाच्या जागेवरून पकडण्यांत आलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जामीन देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ तो तुरुंगांत होता. पोलिसांच्या दंडुक्यानें आंखलेली रेषा ही मर्यादा नव्हे. ती केवळ भीति होय. खरी मर्यादा बोलणाऱ्याच्या मनांत उपजावी लागते, आणि ती उपजविण्याचें ठिकाण शाळा नसेल तर दुसरें कोणतें?

हें आम्ही ग्रंथांवरून म्हणत नाहीं. पंचवीसेक वर्षांपूर्वीं आम्ही नव्यानेंच नोकरीस लागलों होतों आणि स्नेहसंमेलनांतील एका विनोदी स्पर्धेचे परीक्षक होतों. एका हुशार विद्यार्थ्यानें विभागाच्या शिपाईमामांची नक्कल केली. वर्गांत सूचना वाचून दाखवितांना इंग्रजी शब्दांवर त्यांची जीभ अडखळे, मग ते गांवाकडच्या बोलींत तो शब्द आपल्या परीनें सावरून घेत. दोऱ्यानें बांधलेला त्यांचा चष्मा, खाकरणें, तो अडखळणें, सारें त्या मुलानें हुबेहूब उठविलें. सभागृह हंसून हंसून लोटलें. आम्हीहि हंसलों, आणि पहिलें बक्षीस त्यास दिलें. बक्षिसाचें तबक घेऊन व्यासपीठावर येण्याचें काम रिवाजाप्रमाणें मामांकडेच होतें. ते आले, हंसतच आले, मुलाच्या पाठीवर त्यांनीं हात ठेवला, तेव्हां टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवसापासून मामांनीं वर्गांत सूचना वाचणें सोडून दिलें. ते कागद टेबलावर ठेवीत, मान लववीत आणि निघून जात. पुढें अकरा वर्षांनीं ते निवृत्त झाले. तोंवर विद्यार्थ्यांसमोर त्यांनीं पुन्हा एकहि शब्द उच्चारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

त्या मुलास आम्ही दोष देत नाहीं. तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याची कला खरोखर चांगली होती. बक्षीस कलेसच मिळालें. हंसणाऱ्या सभेंत एक मनुष्य तबक घेऊन दाराशीं उभा आहे, हें पाहणें ज्याचें काम होतें तो परीक्षक आम्ही होतों. विनोद शिकवितां येत नाहीं, असें म्हणून शिक्षक बाजूस होतो तेव्हां विद्यार्थी शिकावयाचा थांबतो असें नव्हे. तो हंशाकडून शिकतो, आणि हंशा दाराशीं कोण उभें आहे हें पाहत नाहीं. शिकवूं नये असें म्हणणाऱ्या सहकाऱ्यांस आमचें हेंच उत्तर आहे.

सभेस आम्हीं आपलें मत लेखी कळविलें तें थोडक्यांत असें. वर्ग अवश्य भरावा. त्यास गुण नसावेत, कारण गुणांसाठीं हंसविणारा मुलगा परीक्षकास हंसवूं लागेल. प्रत्येकानें आपलें पहिलें भाषण स्वतःविषयीं, स्वतःच्या घराविषयीं किंवा आपल्याहून वरच्या आसनावर बसलेल्या कोणाविषयीं करावें. ज्याची नक्कल करावयाची तो समोर बसला आहे असें समजून करावें, आणि शक्य तर त्यास खरोखरच समोर बसवावें. तमाशाचा वग, गाडगे महाराजांची प्रश्नपद्धति व ‘वऱ्हाड’ यांचा परिचय वर्षारंभींच करून द्यावा. उरलेलें काम प्रेक्षक करतील.

सभेनें हें मत, आमच्या अपेक्षेबाहेर, मान्य केलें व शिक्षक म्हणून आमचीच नेमणूक केली. पहिल्या दिवशीं एका विद्यार्थिनीनें नियमाप्रमाणें वरच्या आसनावरचा मनुष्य निवडला. पिवळ्या पडलेल्या टिपणांतून मान वर न करतां पानिपत सांगणारे, ‘असो’ म्हणून प्रत्येक शंका पुढें ढकलणारे आणि घंटा झाल्यावरहि मराठ्यांची माघार लांबविणारे एक इतिहासाचे प्राध्यापक तिनें उभे केले. मुलें हंसूं लागलीं आणि मग एकदम थांबून आमच्याकडे पाहूं लागलीं. आम्हीहि हंसलों, पण थोडे उशिरां, आणि त्या मधल्या दोन क्षणांत आम्हांस मामांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तीं टिपणें घरीं ठेवून वर्गांत गेलों.